कॅमेरा समोर न्यायचा नसतो

माझ्या आईची पाठ तुमच्यापैकी काही जणांनी बघितलेली असणार. एक गेम आहे, त्यात एक कोळीण खाडीतली भुतं हाकलत फिरते. हिरवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी, चालताना डावा खांदा जरासा खाली. ती पाठ आणि ती चाल माझ्या आईची आहे. गेमचं नाव सांगणार नाही. फुकटची जाहिरात मी कशाला करू?

त्या कंपनीत मी कॅमेऱ्याचं काम करायचे. फोटोचा कॅमेरा नव्हे. गेममध्ये खेळणाऱ्याला जग कुठून दिसतं, किती उंचीवरून, भिंत मध्ये आली तर काय, हे सगळं कोणीतरी बसून लिहावं लागतं. ते मी लिहायचे. वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली अजून पत्रा कापायचं काम चालायचं आणि वर आम्ही भुतं बनवायचो.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी भूमिका घेऊन खेळायचा गेम. त्यात कॅमेरा ठेवायच्या दोन जागा. एक, पात्राच्या डोळ्यांत. तुम्ही खाली बघितलं तर तुम्हाला फक्त हात दिसतात, बाकी समोर जग. हे फर्स्ट-पर्सन. दुसरी, पात्राच्या मागे, खांद्याच्या जरा वर. ते पुढे चालतं आणि तुम्ही त्याची पाठ बघत त्याला चालवता. हे थर्ड-पर्सन. यातलं चांगलं कुठलं, यावरून जगभरची पोरं इंटरनेटवर एकमेकांची आईबहीण काढत असतात. आमच्या ऑफिसात त्या भांडणात खरोखरची एक आई होती, एवढाच फरक.

आमचे सर डोंबिवलीचे. तिसरी पिढी. घरात पेटी, दिवाळीला किल्ला, आणि बोलणं असं की स्वल्पविरामसुद्धा ऐकू यावेत. माणूस वाईट नव्हता, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. नारळी पौर्णिमेला मी ऑफिसातल्या लोकांना घरी जेवायला बोलावलेलं. घर म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठचा आमचा कोळीवाडा. खाडीत आता चिखलातले निवटी मासे मिळतात आणि प्लास्टिक मिळतं, पण त्या दिवशी आम्ही सगळे नटतो. आई नारळ घेऊन पुढे चाललेली आणि सर मागून चाललेले. तिथेच ते म्हणाले, "अप्रतिम. हीच आपली नायिका."

ते मागून चालत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

आई स्टेशनजवळच्या मच्छी मार्केटात बसते. तिची आई बसायची त्याच ओट्यावर. तिची बोली मी इथे जराशी सरळ करून लिहितेय, नाहीतर तुम्ही "किती गोड" म्हणाल आणि मला ते ऐकवत नाही. गोडबिड काही नसतं. समोरचा माणूस हलवा माशाचा कल्ला उघडून "ताजा नाही वाटत" म्हणाला की ती जे बोलते ते ऐका, मग सांगा किती गोड.

तिचा एक नियम आहे. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, तिला आमच्यात फार मान. पहिलं गिऱ्हाईक उभं राहिलं की आई हातातला कोयता खाली ठेवते, मान वर करते, त्याच्या तोंडाकडे नीट बघते आणि मगच बोलते. कितीही घाई असो. खाली मान घालून भवानी करायची नाही, हे तिला तिच्या आईने सांगितलं. का, ते तिने विचारलं नाही आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माणूस आलंय ना दारात? मग तोंड बघायला नको?"

शाळेत असताना सुट्टीत मी त्या ओट्याच्या बाजूला पाटावर बसायचे. तिथून जग कसं दिसतं, ते मला कोणी शिकवायची गरज नाही. आधी गुडघे. मग पिशव्या. मग वरून वाकलेली तोंडं, नाकाला रुमाल. वासासाठी नाक मुरडायचं आणि पापलेटसाठी वाकायचं, दोन्ही एकाच वेळी. म्हणून सरांनी कोळणीचा गेम करायचं ठरवलं तेव्हा मी दुसऱ्याच आठवड्यात फर्स्ट-पर्सनचा नमुना करून नेला. कॅमेरा बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर. समोर परात, हातात कोयता, आणि एकेक गिऱ्हाईक येऊन वरून वाकतंय.

सरांनी खेळून बघितलं. पाचवं गिऱ्हाईक वाकल्यावर त्यांनी खुर्ची मागे घेतली.

"हे फार अंगावर येतं," ते म्हणाले. "सगळे आपल्यावर खेकसतायत असं वाटतं."

"खेकसतातच."

"हो, पण त्याला गेम नाही म्हणत. शिवाय नायिका दिसतच नाही. एवढी सुंदर साडी, वेणी, दागिने, आपण ते दाखवायचं कधी? खेळणाऱ्याला नव्या साड्या मिळत जाणार, त्या त्याला दिसायला नकोत? आणि अर्ध्या लोकांना फर्स्ट-पर्सनमध्ये गरगरतं."

गरगरतं हे खरं आहे. खोटं कशाला बोलू? थर्ड-पर्सनवर माझा तसा राग नव्हता. कॉलेजात मी स्वतः वर्षानुवर्षं एका चिलखतवाल्याची पाठ बघत राक्षस मारलेत. मागून कोण येतंय ते दिसतं, उडी नीट मारता येते, आणि आपण एखाद्याला सांभाळून नेतोय असं वाटतं. पण त्या चिलखतवाल्याच्या मागून कोणी आयुष्यभर चाललेलं नव्हतं. त्याला कोणी "ए मावशी" म्हणून हाक मारलेली नव्हती. आईच्या मागे उभं राहून तिला इकडे वळवायची, तिकडे पळवायची, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचं काम. तिचं ऐकायचं नाही, तिला कोण काय बोलतं ते अंगावर घ्यायचं नाही, फक्त वेणी बघायची. हे मी मीटिंगमध्ये असंच्या असं बोलले. आमचा आर्टिस्ट, तोही डोंबिवलीचाच, म्हणाला, "अगं, किती पर्सनली घेतेस." माझ्या आईला कॉम्प्युटरात घालतायत आणि मी कोणासारखी घेऊ? शेजारणीसारखी?

शेवटी सरांनी चतुराई केली. ते आईलाच विचारायला आले.

"मावशी, आम्ही तुम्हाला गेममध्ये घेतोय," ते म्हणाले. "पण तुमच्या लेकीचं म्हणणं, तुम्ही दिसायलाच नको."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी तिच्या परातीतला मासा पळवलाय. "का गं? माझं तोंड काय वाईट हाय?"

मी समजावायला गेले, की तसं नाही, तू जे बघतेस ते लोकांना दिसेल. ती म्हणाली, "मी बघतंय ते मी रोज बघतंय. मला माझं तोंड बघायचंय टीव्हीवर." सर हसले. आपलीच आई त्यांच्या बाजूने गेलेली, तिथे भांडून काय उपयोग?

मग ती ऑफिसला आली. ओटा बंद ठेवून आली, हे लक्षात घ्या. गणपतीलासुद्धा दीडच दिवस बंद ठेवणारी बाई. गळ्यात सगळं सोनं, नाकात नथ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. चाल टिपायला अंगाला घट्ट बसणारा काळा सूट असतो. तो बघून म्हणाली, "हे घालून मी मोरीत पन नाय जानार." मग चाल टिपणारे पट्टे साडीवरूनच बांधले. तिने डोक्यावर पाटी घेऊन ऑफिसात फेऱ्या मारल्या. त्यानंतर तिला स्टुलावर बसवून चारी बाजूंनी फोटो काढले. चेहऱ्याचे वेगळे काढले, जवळून. हसू नका मावशी, हलू नका, पापणी मिटू नका. तिने मिटली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी मिटली नाही. माशांवरची माशी हाकलायची सवय असलेली बाई, तेवढा वेळ ती मूर्तीसारखी बसलेली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "आता माझं तोंड येनार ना?"

"येणार," मी म्हटलं. सगळे फोटो माझ्यासमोरच काढलेले.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या मार्केटला माहीत. ओट्याओट्यावर तिने सांगितलं. कोळंबीवालीला सांगितलं, बर्फवाल्याला सांगितलं, नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाईकांना तर आवर्जून सांगितलं. पुढचे कित्येक महिने मी घरी आले की पहिला प्रश्न तोच, "झालं काय माझं तोंड?" मी म्हणायचे, चाललंय. मला खरंच माहीत नव्हतं. मी ज्या जागेत कॅमेरा लिहिते तिथे पात्राच्या जागी एक राखाडी पुतळा असतो, त्याला ना तोंड ना कपडे. कॅमेरा त्याच्याभोवती नीट फिरला की माझं काम झालं. आर्टिस्टच्या स्क्रीनवर जेव्हा बघावं तेव्हा लुगड्याच्या चुण्या. चालताना काष्टा कसा हलतो यावर त्याने एक पावसाळा घातला. मी म्हटलं, काम चोख करतोय.

गेम लोकांना पहिल्यांदा दाखवायचा कार्यक्रम डोंबिवलीला एका हॉलमध्ये ठेवलेला, रविवारी सकाळी. आईला, माझ्या दोन मावश्यांना आणि मला न्यायला सरांनी गाडी पाठवली. तिघी नटून, वेण्या माळून, आणि आईने सरांसाठी डब्यात तळलेली सुरमई घेतलेली. हॉलमध्ये भलामोठा स्क्रीन. खुर्च्या भरलेल्या. सरांनी माईकवर आमच्या संस्कृतीबद्दल बरंच सांगितलं. खाडी, श्रद्धा, कष्टकरी स्त्री. देखल्या देवाला दंडवत सगळा. मार्केटात ते आईकडे एकदाही मासे घ्यायला आलेले नाहीत, ते ऑनलाइन मागवतात.

मग ते म्हणाले, "आमच्या मावशींच्या भाषेत सांगायचं, तर आज भवानी त्यांच्याच हातून होऊ दे." टाळ्या. आणि खेळायचा कंट्रोलर आईच्या हातात.

हे ठरलेलं नव्हतं. तो शब्द त्यांनी माझ्याकडूनच कधीतरी ऐकलेला, आणि आवडला म्हणून वापरला. मी आईच्या शेजारी जाऊन वाकले आणि सांगितलं, "डावा अंगठा चालायला. उजवा बघायला."

स्क्रीनवर ती उभी होती, पाठमोरी. खरं सांगते, मलाही गलबलून आलं. तोच खांदा, तीच वेणी. आईने डावा अंगठा दाबला आणि ती चालायला लागली. मोठी मावशी म्हणाली, "अगो, तूच ती. चाल बघ मेलीची." आई हसली, पदर तोंडाला लावून. लोक हसले. सर खूश.

पण आईला सांगितलेलं की भवानी आहे. ती थांबली. डावा अंगठा उचलला, जसा कोयता खाली ठेवतात तसा. आणि उजव्या अंगठ्याने हळूहळू जग फिरवायला लागली, तिचं तोंड बघायला.

कॅमेरा फिरला. खांद्यावरून, दंडावरून, समोर आला.

तोंड दुसऱ्याच कोणाचं होतं. गोरंपान, टोकदार नाक, ओठ जरासे उघडे, आणि डोळे मिटतच नव्हते. तयार विकत मिळतात तसलं तोंड. नथ नाही, कुंकू नाही. गळ्यात सोनं नाही. समोरून लुगड्याला चुण्यासुद्धा नव्हत्या, नुसता हिरवा रंग फासलेला. अंबाडा आईचा आणि त्याच्या पुढे ही बया.

आईने कॅमेरा मागे नेला, वेणी बघितली, परत समोर आणला. तीच. परत मागे, परत समोर. बर्फाच्या लादीखाली गेलेला मासा शोधावा तसं ती शोधत होती.

"ही कोन?" ती म्हणाली. माईक सरांच्या हातात होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

सर पुढे आले. हसतच. "मावशी, कॅमेरा समोर न्यायचा नसतो. खेळणारे मागूनच बघतात."

"मग माझं फोटू कनाला काढलं?"

ते काहीतरी बोलले, पहिली आवृत्ती, तात्पुरतं, पुढे बघू. आईने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि ती खाली जाऊन खुर्चीत बसली. सगळा कार्यक्रम संपेपर्यंत बसली, उठून गेली नाही. सुरमईचा डबा तिने पिशवीतून काढलाच नाही.

परत येताना शीळफाट्याला गाडी अडकली, अडकतेच. मावश्या उगाच उन्हावर बोलत होत्या. आईने बाहेर बघत मला विचारलं, "तुला ठाव होतं?"

"नाही."

"बरं." मग म्हणाली, "तू ते माझ्या डोल्यानं बघायचं म्हनत होतीस, ते काय होतं?"

मी सांगितलं. यात तू दिसली नसतीस. तू बसतेस तिथून सगळे दिसले असते. वाकलेले, रुमाल लावलेले, कल्ला उघडून बघणारे. खेळणाऱ्याला त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायला लागलं असतं, तू बघतेस तसं.

"त्यात निदान दुसरी बाय तरी नसती बसवली माझ्या जागी," ती म्हणाली.

सोमवारी सरांनी मला बोलावलं. माझ्या डोक्यात एवढी तिडीक होती की मी उभ्यानेच बोलले.

"आईचा चेहरा लावा. फोटो आहेत तुमच्याकडे."

"आहेत. पण त्याला दोन महिने जातील, आणि खेळताना तो कोणालाच दिसणार नाहीये. जे दिसणार नाही ते बनवायचं नाही, हा या धंद्याचा साधा नियम आहे. तुला तर माहीत आहे."

"काल दिसला."

"म्हणूनच तुला बोलावलं." त्यांनी चष्मा पुसला. आवाज तसाच, स्वल्पविरामांसकट. "कॅमेरा खांद्यापर्यंतच फिरू दे. त्यापुढे लॉक कर. तुला दहा मिनिटांचं काम."

बघा हं. बाई तोंड शोधायला गेली, तर तोंड लावायचं नाही, बघायची वाट बंद करायची. आणि ती बंद करायची कोणी, तर तिच्या लेकीने. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ओट्यावर बसून शिकलेलं सगळं एका दमात बाहेर आलं, आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ती बोली जवळून ऐकली असेल. त्यांना गोड वाटली नसावी. त्याच दिवशी मी बॅग उचलून निघाले.

लॉक दुसऱ्या कोणीतरी केलं. दोन ओळींचं काम आहे, कोणालाही जमतं. मी दुसरीकडे नोकरीला लागले, घोडबंदर रोडला. गेम आला, चालला. सगळीकडे कौतुक, की काय साडी, काय चाल, किती अस्सल. मी तो एकदाच उघडला आणि उजवा अंगठा दाबून बघितला. कॅमेरा तिच्या खांद्यापर्यंत जातो आणि भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. किती जोर लावा, पुढे जात नाही.

आई त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मार्केटात कोणी विचारायला लागलं की कोळंबीवालीच परस्पर विषय बदलायची.

परवा शनिवारी मी तिला पाटी उतरवायला मदत करायला गेलेले. अजून भवानी झाली नव्हती. एक तरुण मुलगा आला, हातात मोबाइल. मासे बघायच्या आधी त्याने आईकडे बघितलं, मग मोबाइलकडे, आणि ओट्याला वळसा घालून चक्क तिच्या मागे गेला. वेणी बघितली, खांदा बघितला. मग खूश होऊन मोबाइल तिच्यापुढे धरला.

"मावशी, ह्या तुम्हीच ना?"

मी तोंड उघडणार होते. आईने हाताने मला थांबवलं. कोयता खाली ठेवला आणि स्क्रीनवरच्या त्या पाठीकडे नीट बघून घेतलं.

"लुगडं माझं हाय," ती म्हणाली. "बाय कोन हाय, मला नाय ठाव."

तो नुसताच हसला, त्याला काही कळलं नसावं.

"आता फुडं ये," आई म्हणाली. "तोंड दाखव, भवानी करायचीय."

तो मुकाट्याने वळसा घालून पुढे आला. आईने मान वर केली आणि तो नजर उचलेपर्यंत थांबली.